साठीनंतरचा कारखाना

अंबरनाथ-बदलापूरच्या रस्त्यांवर टाटा सुमो आपण सर्वांनी पाहिली आहे. सुमंत मूळगावकर या नावाच्या इंग्रजी लेखनातील पहिली दोन-दोन अक्षरे जोडून ते नाव घडले. गाडी 1994 साली आली. मूळगावकर 1989 मध्येच निवर्तले होते.

त्यांचा जन्म 1906 चा. लंडनमध्ये यंत्र अभियांत्रिकी शिकून त्यांनी सिमेंट उद्योगात उमेदवारी केली आणि 1949 मध्ये ते टेल्कोत आले. रेल्वे इंजिने बनवणारी ती कंपनी 1954 पासून डाइम्लर-बेन्झच्या सहकार्याने मालमोटारी बनवू लागली. मला मात्र 1966 पाशी थांबावेसे वाटते. पिंपरीच्या कारखान्याची उभारणी त्यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाली, तेव्हा त्यांचे वय साठ होते! यंत्रांइतकाच त्यांनी कारागिरांच्या प्रशिक्षणावर भर दिला. आवारात हजारो झाडे लावली. अध्यक्षपद रतन टाटांकडे गेले ते 1988 मध्ये.

आपल्याकडे साठाव्या वर्षी काय घडते? अंबरनाथच्या आयुध निर्माणीतून किंवा शहाडच्या सेंच्युरी रेयॉनमधून निवृत्त झालेल्या वडिलांना मुले प्रेमाने म्हणतात, ‘‘बाबा, आता फक्त आराम करा.’’ झेपेल तेवढे जबाबदारीचे काम हाती नसले, की दिवस रिकामे होतात. भूक आणि झोप दोन्ही बिघडतात. हृदयविकार वा मधुमेह असल्यास किती श्रम करावेत हे डॉक्टरांना विचारावे. पण काम काढून घेऊ नये.

काम शोधायला दूर जावे लागत नाही. मूळगावकरांच्या पत्नी लीलाताईंनी 1954 पासून मुंबईत ऐच्छिक रक्तदानाची चळवळ रुजवली. उल्हासनगरसारख्या सिंधीबहुल शहराला तिचे मोल निराळे सांगायला नको; या समाजात थॅलेसेमियाचे वाहक अधिक आढळतात आणि तीव्र आजार असलेल्या बालकाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावे लागते. प्रकृती योग्य असल्यास पासष्टीपर्यंत रक्तदान करता येते. प्रथमच करणाऱ्यास मात्र साठीची मर्यादा आहे. त्यापुढील ज्येष्ठांनी सोसायटीतील रक्तदात्यांची वही ठेवावी, शिबिरासाठी सभागृह मिळवावे, आणि नातवंडांची लग्ने ठरवताना पत्रिकेआधी थॅलेसेमियाची रक्ततपासणी मागावी. घरात हे बोलण्याचा अधिकार आजी-आजोबांनाच असतो.