स्क्रीन काळी पडली की लगेच फॉरमॅट कशाला?

संगणक सुरू केला, कंपनीचे चिन्ह दिसले आणि डेस्कटॉप येण्याआधीच स्क्रीन काळी पडली. अमरावती-अकोल्यात अशा वेळी हमखास मिळणारा सल्ला म्हणजे, 'फॉरमॅट मारा लागते, भाऊ!' ऐन सराईत लग्नपत्रिकांचे काम घेतलेल्या डीटीपीवाल्याला किंवा अर्ज भरून देणाऱ्या केंद्राला हा सल्ला महागात पडू शकतो. बॅकअप नसेल तर वर्षांच्या फाइली जातात. दोष मात्र अनेकदा फक्त ग्राफिक्स ड्रायव्हरचा असतो.

नेमके काय बिघडते?
ड्रायव्हर हा ऑपरेटिंग सिस्टीम आणि ग्राफिक्स चिप यांच्यातला दुभाषी. चिपने साधारण 2 सेकंदांत उत्तर दिले नाही, तर विंडोज ड्रायव्हर पुन्हा सुरू करते. तेही जमले नाही, तर निळी स्क्रीन येते. लिनक्समध्ये कर्नल अपडेट होतो, पण एनव्हिडियाचा ड्रायव्हर त्याच्याशी जुळत नाही आणि डेस्कटॉप उघडतच नाही. एनव्हिडियाने मे 2022 मध्ये कर्नल ड्रायव्हरचा कोड खुला केला खरा, पण तो 2018 च्या ट्युरिंग पिढीपासूनच्या कार्डांसाठी. जुने कार्ड वापरणाऱ्यांना त्याचा उपयोग नाही.

आधी हे करून पाहा
• विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही बटणे एकत्र दाबा. ड्रायव्हर नव्याने सुरू होतो.
• फरक न पडल्यास सेफ मोडमध्ये जा. संगणक सुरू होत असताना पॉवर बटणाने दोन-तीनदा बंद केला की दुरुस्तीचे पर्याय दिसतात. बिटलॉकर सुरू असेल तर त्याची रिकव्हरी की जवळ ठेवा.
• डिव्हाइस मॅनेजरमधील डिस्प्ले अडॅप्टरमध्ये 'रोल बॅक ड्रायव्हर' निवडा. तो पर्याय बंद असेल तर ड्रायव्हर काढून टाका आणि कंपनीच्या संकेतस्थळावरून योग्य आवृत्ती टाका.
• लिनक्स असेल तर सुरुवातीच्या ग्रब मेनूतून जुना कर्नल निवडा.

उन्हाळ्याचा घोळ
मे महिन्यात अकोल्याचा पारा 44-45 अंशांवर जातो. पंख्यात धूळ साचली असेल तर चिप तापते आणि स्क्रीन जाते. सकाळी नीट चालणारा संगणक दुपारीच बंद पडत असेल, तर ड्रायव्हर बदलण्याआधी पंखा साफ करा.

फॉरमॅट हा शेवटचा उपाय आहे, पहिला नव्हे. दुकानदाराला तो सोपा पडतो, कारण कारण शोधावे लागत नाही. पण फाइली ग्राहकाच्या जातात. म्हणून संगणक दुकानात देताना दोन प्रश्न विचारायलाच हवेत: ड्रायव्हर तपासला का? आणि बॅकअप घेतला का?