डाव हरला, चाल राहिली



कापूस घरात आला, तूर खळ्यातून निघाली, की वऱ्हाडातल्या पारावर बुद्धिबळाचा पट पसरतो. परवा अशाच एका पटावर आजोबा आणि नातवाची जुंपली. नातू अकोल्याला शिकायला असतो. त्यानं राजापुढचं प्यादं दोन घरं सरकवलं.

"काहून रे? प्यादं एकच घर जाते," आजोबा म्हणाले.

"नाही आबा, पहिल्यांदा दोन घरं जाते. शाळेत असंच शिकवलं."

"मंग तुमच्या शाळेले लय घाई दिसते!"

पार हसला. पण दोघंही आपापल्या जागी खरे होते. आपल्या जुन्या देशी पद्धतीत बहुतेक ठिकाणी प्यादं एकच घर चाले. किल्लेकोट नसे, राजाला शह बसला नसेल, तर एकदा घोड्यासारखी अडीच घरांची उडी मिळे. आज स्पर्धा आंतरराष्ट्रीय नियमांनी होतात, तेव्हा नियमापुरतं नातवाचं ऐकावं. मात्र आजोबांच्या संथ चालीला कुणी अडाणी म्हणू नये. का, ते सांगतो.

१८४८ च्या सुमाराची गोष्ट. कलकत्त्याच्या बुद्धिबळ क्लबातल्या एका सभासदाला बंगालच्या एका खेड्यात महेशचंद्र बॅनर्जी नावाचा खेळाडू भेटला. पंचक्रोशीत त्याला कुणी हरवलेलं नव्हतं, पण विलायती नियम आणि किल्लेकोट त्याला ठाऊक नव्हते. त्या सभासदानं त्याला कलकत्त्याला आणलं. तिथे जॉन कॉक्रेन नावाचा नामांकित स्कॉटिश खेळाडू बॅरिस्टरी करत होता. पुढे वर्षानुवर्षं त्या दोघांचे शेकडो डाव झाले. जास्त डाव कॉक्रेननं जिंकले, काही महेशचंद्रांनी.

विलायती खेळाडूंची तेव्हाची रीत अशी, की पटाच्या मधल्या चार घरांत प्यादी घुसवायची आणि चढाई करायची. महेशचंद्र नियम नवे शिकले, पण सवय जुनीच राहिली. ते घोड्यापुढचं प्यादं एकच घर सरकवत आणि त्याच्या मागे कोपऱ्याजवळ उंट बसवत. तो उंट तिथूनच तिरक्या रेषेत थेट पटाच्या मध्यावर नजर ठेवी.

तुम्ही ज्वारी राखता, तेव्हा पिकात जाऊन उभे राहता का? माळ्यावर बसून गोफण फिरवता, आणि सारं शेत तुमच्या दगडाच्या टप्प्यात राहतं. महेशचंद्रांचा उंट म्हणजे माळ्यावरचा राखणदारच.

१८५५ सालचा त्यांचा एक डाव आजही अभ्यासला जातो. कॉक्रेनची पांढरी, महेशचंद्रांची काळी. महेशचंद्रांनी आधी उंटाची जागा मोकळी केली, मग वजिरापुढचं प्यादं पुढे टाकून मध्यालाच धक्का दिला. डाव मात्र ते हरले. शेवटी राजा आपल्याच मोहऱ्यांत कोंडला आणि कॉक्रेनच्या घोड्यानं मात केली. पुढे ६७ वर्षांनी, १९२२ साली, व्हिएन्नाच्या ग्रुनफेल्ड या खेळाडूनं तीच रीत मोठ्या स्पर्धांत आणली. आज ती त्याच्या नावानं ओळखली जाते आणि जगज्जेतेही ती खेळतात.

त्याच सुमारास युरोपात आरन निमझोविच हा उस्ताद गाजत होता. जन्म १८८६ चा, रिगा शहरातला. मध्य ताब्यात ठेवायचा तर तिथे प्यादी उभी केलीच पाहिजेत असं नाही, उंट-घोड्यांनी लांबूनही तो राखता येतो, हे त्यानं खेळून दाखवलं आणि १९२५ साली 'माझी पद्धत' या पुस्तकात मांडलं. दुसऱ्याच्या मनातला बेत आधी ओळखावा आणि तो मोडून ठेवावा, हीही त्याचीच शिकवण. या तऱ्हेच्या सुरुवातींना 'इंडियन' हे नाव पडलं: किंग्ज इंडियन, क्वीन्स इंडियन, निमझो-इंडियन. त्या नावात कलकत्त्याच्या त्या जुन्या डावांची आठवण आहे.

आता मुद्द्याचं. हरलेल्या डावातली चाल जगाला कशी कळली? कुणीतरी ती लिहून ठेवली म्हणून. कलकत्त्याचे डाव टिपले गेले, विलायतेत छापून आले. त्याआधी १८१४ साली मुंबईत त्रिवेंगडाचार्य शास्त्री या पंडितांचं, मूळ संस्कृतातलं बुद्धिबळाचं पुस्तक इंग्रजीत छापलं गेलं, म्हणून त्यांचे डावपेच उरले. आपल्या पारांवर असे किती महेशचंद्र होऊन गेले असतील! प्याद्यानं मात करणारे, ऐकणाऱ्यानं तोंडात बोट घालावं असे. त्यांची एक चाल आज कुणाजवळ नाही. हुशारी गावात होती, टिपण नव्हतं.

आपल्या विदर्भातली, नागपूरची दिव्या देशमुख २०२५ साली जॉर्जियातल्या बातुमीला महिला विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर झाली. तिथली तिची चाल न् चाल नोंदलेली आहे. आपली पोरंही ती उघडून शिकू शकतात.

टिपण अवघड नाही. पांढऱ्याच्या डाव्या हातापासून उभ्या ओळींना ए ते एच अक्षरं द्या, पांढऱ्याच्या बाजूनं आडव्या ओळींना एक ते आठ आकडे. मग महेशचंद्रांची रीत इतकीच लिहायची: प्यादं जी ६, उंट जी ७. शाळेच्या वहीची मागची कोरी पानं पुरतात.

त्या दिवशी पारावर शेवटी तोड निघाली. खेळ नातवाच्या नियमानं, पण आजोबा आपलं प्यादं एकच घर सरकवणार. नियमाची त्याला आडकाठी नाही. आणि नातवानं वही काढून लिहायचं. आजोबांनी डाव जिंकला. वहीत बत्तीस चाली आहेत, शेवटची प्याद्याची.