तारपा हवा, तलवाडा नको!

सरकारी कचेऱ्या, रेल्वे स्थानके, हॉटेले, साड्या आणि चहाचे कप यांवर वारली चित्र आता सर्रास दिसते. गेरूच्या पार्श्वभूमीवर तांदळाच्या पिठाची पांढरी माणसे, मध्ये तारपा वाजविणारा आणि भोवती फेर. पाहणाऱ्याला वाटावे, ही जमात अनादी काळापासून नाचतच आली. तिला भूक नाही, सावकार नाही आणि इतिहास तर नाहीच!

वस्तुस्थिती काय आहे? इंग्रजी अमलात शेतसारा आणि जंगलबंदी यांच्या कात्रीत सापडून डहाणू-तलासरी भागातील वारल्यांच्या जमिनी सावकार-जमीनदारांच्या घशात गेल्या. जमिनीचा धनी वेठबिगार झाला. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी जो मालकाकडे पिढीजात राबे, त्याला ‘लग्नगडी’ म्हणत. म्हणजे ज्या लग्नासाठी सुवासिनी झोपडीच्या भिंतीवर पालघटदेवीचा चौक लिहीत, त्याच लग्नाची नोंद सावकाराच्या वहीतही होई. चौक परदेशच्या प्रदर्शनांत पोहोचला. ती वही चितारून द्या, असे मात्र कोणताही सरकारी गिऱ्हाईक म्हणत नाही.

मे १९४५ मध्ये झरी येथे हजारो वारली जमले आणि शामराव व गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली त्यांनी वेठ नाकारली. त्याच वर्षी ऑक्टोबरात, गवतकापणीच्या मजुरीचा लढा चालू असताना, तलवाडा येथे पोलिसांनी गोळीबार केला. पाच आदिवासी ठार झाले. जेठ्या गांगड त्यांपैकी एक.

‘हे मंगलकार्याचे चित्र, त्यात रक्त कशाला?’ असे काही रसिक विचारतात. त्यांनी गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांचे उदाहरण आठवावे. सुवासिनींच्या हातचे भिंतीवरचे चित्र या पुरुषाने कागदावर आणले, विधीच्या चौकटीबाहेर काढले. २०११ साली शासनाने त्यांना पद्मश्री दिली. एवढा बदल पचविणारी परंपरा तलवाड्याने बाटेल, हे कोणी सांगितले?

ऑस्ट्रेलियातील मूलनिवासी चित्रकार रोव्हर थॉमस यानेही मातीचेच रंग वापरले. परंतु त्या रंगांनी त्याने किंबर्ली प्रांतात गोऱ्यांनी केलेल्या कत्तली रंगविल्या. १९९० साली व्हेनिसच्या जागतिक प्रदर्शनात ऑस्ट्रेलियाने ज्या दोन मूलनिवासी चित्रकारांना पाठविले, त्यांत तो होता. यामुळे तेथील राज्यकर्ते सज्जन ठरत नाहीत. पण गेरूला स्मृती असते, एवढे निश्चित सिद्ध होते.

आपल्या राज्यकर्त्यांना ही स्मृती का नको? कारण ती १९४५ पाशी थांबणार नाही. झरीपासून निघालेली रेषा तारापूरला येईल, अणुवीज केंद्रासाठी उठविलेल्या अक्करपट्टी आणि पोफरण गावांचा हिशेब मागेल. बोईसरच्या कारखान्यांत कंत्राटावर राबणाऱ्या हातांजवळ जाईल. वाढवण बंदराच्या भरावाकडे बोट दाखवील. नाचणारा आदिवासी सोयीचा असतो. सातबारा मागणारा अडचणीचा.

म्हणून मागणी सरळ आहे. वारली कलावंतांना काम देताना योग्य मोबदला द्या आणि विषय त्यांचा त्यांना ठरवू द्या. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर स्वतंत्र जिल्हा झाला. त्याच्या मुख्यालयातील एक दर्शनी भिंत झरी आणि तलवाड्यासाठी राखून ठेवा. तारप्याचा फेर तेथे खुशाल असावा. पण तो फेर धरणारे कोणाच्या जोखडातून सुटून आले, हेही त्या भिंतीवर दिसले पाहिजे.