डोळ्यांचे आरोग्य : लेसर करूनही धूसर का?

फोंडाघाटच्या एका भगिनीने लिहिले आहे : "सासूबाईंच्या मोतीबिंदूचे लेसर ऑपरेशन होऊन दोन वर्षे झाली. आधी त्या तांदळातले खडे निवडीत. आता पुन्हा धुके पडल्यासारखे दिसते. ऑपरेशन फुकट गेले म्हणतात आणि दवाखान्यात यायला तयार नाहीत."

भगिनी, गावात ज्याला 'लेसर' म्हणतात ते बिनटाक्याचे ऑपरेशन बहुधा लेसरचे नसतेच. अमेरिकेतील डॉ. चार्ल्स केल्मन यांनी १९६७ साली सुरू केलेल्या पद्धतीने, ध्वनिलहरींच्या कंपनांनी मोतीबिंदू फोडून ओढून घेतात. त्याची पातळ पिशवी मात्र आतच ठेवतात, कारण नवे भिंग तिच्यात बसवायचे असते. मागे उरलेल्या पेशी वाढल्या, की काही महिन्यांनी किंवा वर्षांनी ही पिशवी गढूळ होते. मोतीबिंदू परत येत नाही. खरा लेसर लागतो तो इथे. बाहुली मोठी करणारे थेंब घालून पिशवीला मधोमध खिडकी पाडतात. चिरा नाही, टाका नाही. काही मिनिटांचे काम, त्याच दिवशी घरी.

पण दर वेळी दोष पिशवीचाच असतो असे नाही. मधुमेहाने मागच्या पडद्याला सूज येते, काचबिंदूने डोळ्याची शीर सुकते. तिथे खिडकी पाडून उजेड पडत नाही. म्हणून डोळ्याचा दाब आणि मागचा पडदा तपासून घ्या. कधी नुसता नंबर बदललेला असतो, आणि आजीबाई आजोबांचाच जुना चष्मा चढवून बसलेल्या असतात!

मुंबईकर मुलगा चष्मा घालवायला करतो ते लेसर निराळे. त्यात बुबुळाला नवा आकार देतात. काही महिने डोळे कोरडे पडतात, रात्री घाटात समोरच्या दिव्यांभोवती वलये दिसतात. नंबर स्थिरावण्याआधी केले तर तो पुन्हा चढतो. क्वचित बुबुळ पातळ होऊन फुगते. डोळे चोळू नयेत. चाळिशीत वाचायला चष्मा लागला, तर तो ऑपरेशनचा दोष नव्हे.

सासूबाईंची तपासणी पुढच्या बाजारापर्यंत थांबली तरी चालेल. परंतु डोळा लाल होऊन ठणकला, नजर एकाएकी घटली, विजा चमकल्यासारखे झाले, काळे ठिपके अचानक वाढले किंवा कडेने पडदा ओढल्यासारखे वाटले, तर लावणी टाकून त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठा. जाताना ऑपरेशनचे कागद आणि साखरेचा रिपोर्ट घ्या. सोबत कोणीतरी असावे. थेंबांमुळे काही तास नीट दिसत नाही.