जिव्या सोमा म्हसे आणि शुद्धतेचा आग्रह

आदिवासी चित्रकाराची कला बाह्य संस्कारांपासून अलिप्त असावी, अशी आपल्या समीक्षेची एक अव्यक्त अपेक्षा असते. जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) यांची चित्रे ती मोडीत काढतात. डहाणू तालुक्यातील या वारली चित्रकाराने लग्नचौकाची, सवाशिणींच्या हातची परंपरा आत्मसात केली आणि १९७०च्या दशकात भास्कर कुलकर्णी यांच्या प्रोत्साहनाने कागदावर आणली. विधीचे बंधन सैल होताच मासेमारीचे जाळे हाही स्वतंत्र विषय झाला. २००३ मध्ये ड्युसेलडॉर्फला ब्रिटिश कलावंत रिचर्ड लाँग यांच्यासोबत त्यांची चित्रे मांडली गेली. रेषा मात्र वारलीच राहिली. या स्थित्यंतरात सवाशिणींचा मान मागे पडला, हेही नोंदवायला हवे.

तरीही संकर आणि उसनवारी यांत भेद आहे. भोर-वेल्ह्याच्या डोंगरांत महादेव कोळी आणि कातकरी राहतात. तेथील शाळेच्या भिंतीवर 'आदिवासी कला' म्हणून वारली त्रिकोण रंगवून मोकळे होणे, ही निव्वळ उसनवारी ठरेल. म्हसे यांनी साधन परके घेतले, आशय स्वतःचा ठेवला. कातकरी मुलालाही आधी त्याचा आशय विचारला पाहिजे. साधन तो कुठूनही घेईल.