चाळीस भागांचं घर

अक्कलकुव्यातलं आमचं घर माझ्या दादांनी, म्हणजे अब्बांच्या वडिलांनी, बांधलं. दीड-दोन फुटांच्या मातीच्या भिंती, सागाचे खांब आणि तुळया, वर मंगलोरी कौलं, पुढे ओटा आणि मागे परसात संडास. सातपुड्याच्या पायथ्याला तेव्हा सागाची वाण नव्हती, त्यामुळे त्या पिढीतल्या बऱ्याच घरांचा सांगाडा असाच आहे. लग्नानंतरची अकरा वर्षं मी भाड्याच्या खोल्यांत काढली, आधी सुरतला आणि मग नंदुरबारला. अब्बा गेले, अम्मी एकटी पडली, तेव्हा बायको म्हणाली, "चला, आता आपल्या घरी राहू." इतक्या वर्षांत 'आपलं घर' हे शब्द ती पहिल्यांदाच वापरत होती. ते घर नेमकं 'आपलं' किती, हे मला कळायला पुढे दोन महिने लागले.

पावसाळा संपल्यावर मिस्त्रींना बोलावलं. माझ्या मोबाइलमध्ये यादी तयार होती: स्लॅब, पीओपीचं छत, दोन बाय दोनची चकचकीत फरशी, मॉड्युलर किचन, घरात संडास-बाथरूम. मिस्त्रींनी यादी ऐकून घेतली आणि हातोडीने एकेक खांब वाजवत घरभर फिरले. मग म्हणाले, "भाई, या भिंती स्लॅबचं वजन घेणार नाहीत. स्लॅब पाहिजे असेल तर सगळं पाडून पायापासून कॉलम उभे करावे लागतील. पण लाकूड अजून पन्नास वर्षं हलत नाही. दोनच खांब खालून वाळवीने खाल्लेत, ते बदलू." मातीच्या भिंतीला सिमेंटचं प्लास्टर करू नका, असंही त्यांनी बजावलं. माती ओल पिते आणि सोडते. वरून सिमेंट चोपडलं की ती ओल आतच अडकते आणि दोन-चार पावसाळ्यांत प्लास्टर पोपडे धरून खाली येतं. मला हे सगळं पटलं, पण आवडलं नाही. मला नवं घर हवं होतं, नीट केलेलं जुनं घर नको होतं.

मग संडासाची दिशा ठरवायची वेळ आली. शौचाला बसताना तोंड किंवा पाठ किब्ल्याकडे येऊ नये, हा आपला दंडक. अक्कलकुवा सुमारे साडेएकवीस अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि मक्काही जवळपास त्याच अक्षांशावर, त्यामुळे आमचा किब्ला जवळजवळ सरळ पश्चिमेला येतो. मी मोबाइलवर होकायंत्र लावलं, चुलतभावाने दुसऱ्या मोबाइलवर पडताळून पाहिलं, अम्मीने मशिदीच्या मिहराबीवरून अंदाज सांगितला. मिस्त्री हसून म्हणाले, "मागच्या घरी ईशान्य टाळायची होती, तुमच्याकडे पश्चिम. टाळू." त्या एका भांड्यापायी अख्ख्या घराने अर्धा दिवस घालवला.

त्याच रात्री जेवताना अम्मी म्हणाली, "काम सुरू करण्याआधी पोरींच्या सह्या घेऊन टाक."

पोरी म्हणजे माझ्या तीन बहिणी. दोन मोठ्या, एक धाकटी. सह्या म्हणजे हक्कसोडपत्र. दस्त लिहिणाऱ्याकडे नमुना तयारच होता, फक्त नावं भरायची होती. 'स्वखुशीने', 'कोणत्याही दबावाशिवाय', 'कोणताही मोबदला न घेता' हे शब्द आधीच छापलेले होते. बहिणींची खुशी छापखान्यातून तयार होऊन येते, याचं तेव्हा मला काहीच वाटलं नाही. आमच्या गल्लीत प्रत्येक घराच्या दुरुस्तीची सुरुवात याच कागदाने झालेली मी पाहिली होती.

मला खरी काळजी वेगळ्याच गोष्टीची होती. माझी शिल्लक 9 लाख होती आणि सगळं पाडून बांधायचं तर कर्ज लागणार होतं. व्याजाचं कर्ज घ्यावं की नाही, हे विचारायला मी ओळखीच्या एका मौलानांकडे गेलो. त्यांनी उलट मलाच विचारलं, "घर कुणाचं आहे?"

"अब्बांचं."

"ते तर गेले. आता कुणाचं?"

मी गप्प बसलो. त्यांनी एका पाकिटाच्या मागच्या बाजूला हिशेब मांडला. कफन-दफनाचा खर्च, कर्ज आणि वसियत वगळून जे उरतं, त्याचे वाटे ठरलेले आहेत. मुलं असताना बायकोला आठवा हिस्सा. उरलेल्यात मुलाला दोन भाग तर मुलीला एक. आमच्या घरात एक मुलगा आणि तीन मुली. सगळा हिशेब पूर्णांकात बसवायचा तर घराचे 40 भाग करावे लागतात. त्यातले 5 अम्मीचे, 14 माझे आणि प्रत्येक बहिणीचे 7.

मी ते आकडे पुन्हा पुन्हा बेरीज करून पाहिले. 40 पैकी 14. ज्या घराला मी 'आपलं' म्हणत होतो, त्यातले 26 भाग, म्हणजे 65 टक्के, चार बायकांचे होते. आणि त्या चौघींना न विचारता मी तिथे पीओपीचं छत करायला निघालो होतो.

मौलाना म्हणाले, "व्याजाचं नंतर बघू. आधी हे बघ."

त्या दिवसापासून एक प्रश्न माझ्या मागे लागला आहे आणि तो मला वाचकांपुढे ठेवायचा आहे. संडासाचं तोंड कुठे असावं यासाठी आपण अर्धा दिवस देतो. व्याज टाळण्यासाठी कित्येक कुटुंबं आयुष्यभर भाड्याच्या घरात राहतात आणि त्यांच्याबद्दल मला आदरच आहे. पण वारशाची वेळ आली की आपली सगळी परहेजगारी जाते कुठे? नमाजच्या रकातींची संख्या कुरआनमध्ये दिलेली नाही, ती आपण हदीस आणि परंपरेतून घेतो. वारशाचे अपूर्णांक मात्र कुरआनमध्येच आहेत, सूरह निसाच्या 11, 12 आणि 176 या आयतींमध्ये. त्याच सूरहच्या सातव्या आयतीत म्हटलं आहे की मालमत्ता थोडी असो की फार, पुरुषांचा आणि स्त्रियांचा त्यात वाटा ठरलेला आहे. इतक्या स्पष्टपणे सांगितलेली गोष्ट आपण छापील नमुन्याने मिटवतो. माहीत नव्हतं, असं तर अक्कलकुव्यात कुणी म्हणूच नये. 1979 पासून ज्या गावात जामिया इस्लामिया इशाअतुल उलूम उभी आहे, ज्या गावाचं नाव देशभरातल्या मदरशांत ठाऊक आहे, तिथे हा हिशेब विचारायला फार लांब जावं लागत नाही. मी विचारला नव्हता, इतकंच.

कायदाही आड येत नाही. 1937 चा शरियत कायदा आला तो रूढीच्या नावाखाली होणारं बरंच काही थांबवायला, आणि मुलींना वारसा नाकारणं हे त्यातलं मोठं. शेतजमीन त्यातून वगळली गेली, तो वेगळा वाद आहे. घर वगळलेलं नाही.

काही वाचक म्हणतील, मुळात बहिणीला भावाच्या निम्माच वाटा का? हा प्रश्न रास्त आहे. 1970 मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झालं, तेव्हापासून मराठी मुस्लिमांत समान हक्कांवर वाद चालू आहे आणि तो चालू राहावा. पण मला गंमत वाटते ती याची, की समानतेला विरोध करताना जे 'आमच्याकडे मुलीला चौदाशे वर्षांपासून हक्क आहे' असं ठणकावून सांगतात, त्यांच्यापैकी कितीजणांनी तो निम्मा वाटा तरी बहिणीच्या हातात ठेवला आहे? पुरा द्यायचा की निम्मा, याची चर्चा आपण शून्यावर उभे राहून करतो.

हे फक्त आपल्यातच होतं असं नाही. महाराष्ट्राने 1994 मध्ये आणि देशाने 2005 मध्ये हिंदू मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाच्या बरोबरीचा हक्क दिला, तरी हक्कसोडपत्राचा धंदा काही बसला नाही. या एका बाबतीत आपली गंगा-जमनी संस्कृती अगदी शाबूत आहे! आमच्याच तालुक्यात दुसरंही चित्र दिसतं. 2006 च्या वनहक्क कायद्यानुसार मिळणारा पट्टा विवाहित असतील तर नवरा आणि बायको दोघांच्या नावे होतो. ज्या आदिवासी शेजाऱ्यांना आपण मागास म्हणतो, त्यांच्याकडच्या त्या कागदावर बायकोचं नाव आहे. आमच्या घरपट्टीच्या पावतीवर तीन पिढ्यांत एकाही बाईचं नाव नव्हतं.

मग नेहमीचे आक्षेप. "त्यांच्या लग्नात दिलंय ना!" माझ्याही लग्नात खर्च झाला होता, तो माझ्या 14 भागांतून कुणी कापला नाही. बापाने हयातीत लेकीला प्रेमाने दिलेलं म्हणजे वारसा नव्हे. दुसरा आक्षेप, "त्यांनाच नको असतं." हे मीही मानत होतो. म्हणून थोरल्या आपाला फोन करून विचारलं. ती लगेच म्हणाली, "कागद पाठव, सही करते." मी म्हटलं, "सहीचं नाही विचारत. तुझे 2 लाख 10 हजार होतात, कसे घेतेस ते सांग." फोनवर बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग ती म्हणाली, "मागितले असते तर पुन्हा त्या ओट्यावर कुठल्या तोंडाने आले असते?"

त्या एका वाक्यात सगळा व्यवहार आला. बहिणी वाटा सोडतात तो माहेर विकत घेण्यासाठी. ईदला चार दिवस येता यावं, नवऱ्याशी बिनसलं तर टेकायला एक ओटा असावा, यासाठी त्या आपले 7 भाग देऊन टाकतात. आणि आपण त्याला 'स्वखुशी' म्हणतो. खुशी खरी आहे की नाही हे पाहायचं असेल तर वाटा आधी त्यांच्या हातात द्यावा. त्यानंतर त्यांनी परत दिला तर ती खुशी.

गावातल्या दोन जाणत्या माणसांना बसवून जागेसकट घराची किंमत ठरवली, 12 लाख. म्हणजे एका भागाचे 30 हजार. दोन्ही आपांनी पैसे घ्यायचं कबूल केलं, निम्मे लगेच आणि निम्मे दोन वर्षांत. पहिला हप्ता पोचल्यानंतर त्यांचं हक्कसोडपत्र नोंदवलं आणि त्यात रक्कम लिहिली. 'कोणताही मोबदला न घेता' हे शब्द खोडायला लावले. धाकटीने पैसे नको म्हटलं. ती म्हणाली, "माझे 7 भाग तिथेच राहू देत आणि माझं नाव लागू दे." तसं केलं. आज त्या घरात माझे 28 भाग आहेत, अम्मीचे 5 आणि धाकटीचे 7.

अम्मी सुरुवातीला रागावली होती. घरातल्या गोष्टी बाहेर गेल्या, असं तिचं म्हणणं. तिचेही 5 भाग आहेत हे सांगितलं तेव्हा ती थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "मग संडास माझ्या खोलीजवळ पाहिजे. रात्री मला लांब जायला होत नाही." माझ्या नकाशात तो स्वयंपाकघरामागे होता. आम्ही जागा बदलली आणि दिशा पुन्हा मोजली.

पहिले हप्ते दिल्यावर हातात 6 लाख 90 हजार उरले, त्यामुळे कर्जाचा आणि स्लॅबचा विषय आपोआप संपला. खांब, तुळया, भिंती तशाच ठेवल्या. कौलं उतरवून, धुऊन, फुटकी बदलून परत चढवली आणि मधेमधे काचेची कौलं बसवली. भिंतींना आतून चुन्याचा गिलावा. लाकडी पट्ट्यांवरची जुनी वायरिंग काढून अर्थिंगसकट नवी केली. स्वयंपाकाचा ओटा बायकोच्या उंचीला बसवला आणि त्याच्यासमोर खिडकी काढली. एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर गेला, तेव्हा स्लॅबच्या घरातले शेजारी रात्री गच्चीवर पाणी मारत होते आणि आम्ही आत झोपत होतो. मिस्त्रींचं ऐकलं ते बरं झालं. अर्थात ते ऐकण्याइतका मी शहाणा नव्हतो, पैसे कमी पडले म्हणून ऐकलं.

एक काम मात्र राहून गेलं आहे. दादांना दोन मुलं होती, अब्बा आणि फुफी. आईबाप दोघेही गेल्यावर फुफीचा तिसरा हिस्सा होत होता. जुन्या पेटीत एका कागदावर तिचा अंगठा सापडला, खाली तेच 'स्वखुशीने'. तिला काय मिळालं, हे सांगणारं आता कुणी नाही, तीही नाही. तिची मुलं सुरतेला असतात. मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा ते हसले आणि म्हणाले, "जाऊ दे रे, कागद झालाय ना." कायद्याने कदाचित विषय संपला असेल. मी त्यांना सांगून आलो आहे की आपांचे हप्ते संपले की मी पुन्हा येईन.