चक्रवाढीचे धडे कोणाला?

सातपूर-अंबडच्या कंत्राटी कामगाराला आता मोबाइलवरील गणकयंत्र काटकसर शिकवू लागले आहे. दरमहा १००० रुपये गुंतवा, १२ टक्के परतावा धरा. २० वर्षांत सुमारे १० लाख! गणित बरोबर आहे. पण ब्रेकनंतर पुन्हा कामावर घेतील काय, हा रकानाच त्यात नाही. आणि बारा टक्क्यांची हमी तर कोणीच देत नाही. कर्मचारी पेन्शन योजनेत २०१४ साली किमान निवृत्तिवेतन ठरले, तेही महिना १००० रुपयेच! त्याला महागाईची जोड नाही. म्हातारपणाची तरतूद ही मालकाची व शासनाची जबाबदारी. ती कामगाराच्या उधळेपणावर ढकलण्याचा हा कावा आहे. मोबाइलवर हिशेब पाहायचाच, तर भविष्यनिर्वाह निधीचे पासबुक उघडावे. कंत्राटदाराने पगारातून कापलेला हप्ता तेथे जमा नसेल, तर तो आकडा युनियनच्या सभेत मांडावा.